रक्षाविसर्जनाला हसू फुटलं, म्हणजे माया नव्हती का?

"मॅडम, मी हसलो. आबांच्या रक्षाविसर्जनाला, सगळ्या भावकीसमोर." कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली ही तरुण मुलगी खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बोलून गेली. (तिच्या परवानगीनं, ओळखीच्या खुणा बदलून लिहिते आहे.) आजोबांना जाऊन चार महिने झाले होते. "माझं काळीज दगडाचं आहे का?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून माझ्याकडे पुष्कळदा येतो.

आबा केएमटीत, म्हणजे कोल्हापूरच्या सिटी बसवर, कंडक्टर होते. गर्दीत ओरडायचे, "सरका की पुढं! बसची फुडली बाजू आधी पोचती." रिटायर झाले तरी जीभ ड्युटीवरच. दवाखान्यात सुई दुसऱ्यांदा टोचायला आलेल्या सिस्टरना म्हणाले, "ताई, एकदा पंच केलेलं तिकीट परत पंच करत नसत्यात."

तिसऱ्या दिवशी पंचगंगेवर नैवेद्य मांडला. त्यात आबांच्या आवडीची मिसळही होती. कावळा काही शिवेना. सगळे ताटकळलेले, आणि चुलतभाऊ हळूच पुटपुटला, "जादा कट द्यायचा राहिलाय." हिला हसू आवरलं नाही. आत्यानं दंडाला धरून बाजूला नेलं: "जनाची नाही तर मनाची तरी ठेव!" त्या दिवसापासून घरात आबांचा किस्सा कुणी काढला की ही उठून आत जायची.

हसणं आणि दुःख एका माणसात सुखानं नांदतात. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये मांडलेला विचार मला रोजच्या कामात पटतो: शोकातलं माणूस दुःखात बुडतं, बाहेर येतं, पुन्हा बुडतं. ही ये-जा निरोगीच. डॅकर केल्टनर आणि जॉर्ज बोनॅनो यांनी 1997 मध्ये, जोडीदार जाऊन साधारण सहा महिने झालेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गेलेल्याबद्दल बोलताना जे मनापासून हसले, त्यांच्यात राग आणि त्रास कमी दिसला. अर्थात हसलं की दुःख हलकं होतं, की हलकं झालेलं माणूस हसतं, हे त्यावरून ठरत नाही. आत्याचंही मला नवल वाटलं नाही. बाप गेलेल्या लेकीला त्या घाटावर कुणाचंच हसू सहन झालं नसतं.

हे सगळं सांगून झालं, तिनं मान डोलावली, पण चेहरा काही सुटला नाही. म्हटलं, अजून काहीतरी आहे. पुढच्या भेटीत ते निघालं. जायच्या आदल्या संध्याकाळी जिना चढून आलेले आबा धापा टाकत म्हणाले होते, "इंजिन तापलंय. रेडिएटरात च्या वता." सगळे हसले. ही सगळ्यात जास्त. पहाटे दवाखाना, आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं.

म्हणजे टोचत होतं ते हे हसू. घाटावरचं आपलं उगाच पुढं आलेलं.

"तुझा काही दोष नाही" असं मी लगेच म्हणाले नाही. असं वाक्य कानाला बरं वाटतं, टिकत नाही. त्या संध्याकाळी तुला नेमकं काय माहीत होतं, एवढंच विचारलं. जिना चढला की आबा हे वाक्य बरीच वर्षं म्हणत होते. सकाळी रंकाळ्याला चक्करही मारून आले होते. छातीत दुखतंय हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, थट्टेवारी नेलं होतं. इथं ती पहिल्यांदा चिडली, आबांवर. गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं म्हणून तो राग तिनं गिळला होता. रडलीही तेव्हाच, भरपूर.

सगळ्यांचं असं बोलण्यानं मोकळं होत नाही. सहा महिने उलटून गेले तरी ओढ तसूभर कमी होत नसेल, कामधंदा, झोप, जेवण थांबलं असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं. जगणंच नको वाटत असेल तर सहा महिन्यांची वाट बघू नये. 'टेली मानस'चा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मदत क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

हिला मी एक वही करायला सांगितली. आबांचे किस्से लिही, पण ज्यांनी तुला चीड आणली तेही लिही. नुसता गोडगोड आजोबा नको. पहिलाच किस्सा दहावीच्या निकालाचा होता. फर्स्ट क्लास मिळाला, आणि आबांनी गल्लीभर पेढे वाटत सांगितलं, "नात नापास झाली, म्हटलं तोंड तरी गोड करावं." संध्याकाळपर्यंत शेजारणी हिचं सांत्वन करायला येत होत्या. आठवडाभर ही त्यांच्याशी बोलली नव्हती.