एलएलबी झाल्यावर रोजचं आयुष्य नेमकं कसं असतं? नाशिकमध्येच प्रॅक्टिस करावी का?

तुम्ही लिहिलंय की निकाल लागून महिना झाला, घरचे 'वकीलसाहेब' म्हणायला लागलेत आणि तुम्हाला मात्र आपल्याला काहीच येत नाही असं वाटतंय. खरं सांगू? बरोबर वाटतंय. मलाही काही येत नव्हतं, फक्त ते कळायला मला तुमच्यापेक्षा जास्त दिवस लागले.

मी २०२३ ला पास झाले. तीन वर्षांचा कोर्स, त्यातलं पहिलं वर्ष लॉकडाऊनमुळे मोबाइलवरच गेलं. सनदेसाठी, म्हणजे वकिलीच्या परवान्यासाठी, सकाळची पंचवटी एक्स्प्रेस पकडून मुंबईला गेले. तेव्हा नोंदणीची फी भरताना वडिलांकडे हात पसरावा लागला होता. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२४ मध्ये ती कायद्यात लिहिल्याप्रमाणे ७५० रुपयेच घ्या म्हणून सांगितलं, तेवढे तुम्ही नशीबवान. बार परीक्षेची मात्र फार धास्ती घेऊ नका. कोऱ्या बेअर अ‍ॅक्ट (टीपा नसलेली, नुसत्या कायद्याची पुस्तकं) आत नेता येतात, फक्त कुठलं कलम कुठे आहे हे हाताला माहीत हवं.

आता रोजचं आयुष्य. सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात साडेदहाला पोहोचायचं, बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसची यादी, बघायचा, सिनियरच्या कोणत्या केस कोणत्या कोर्टात आहेत ते डायरीशी ताडून घ्यायचं आणि पुकाऱ्याची वाट बघत उभं राहायचं. माझं कोर्टातलं पहिलं वाक्य होतं, 'साहेब, सिनियर वरच्या कोर्टात आहेत, थोडं मागे ठेवावं.' मूट कोर्टात (कॉलेजातल्या लुटुपुटुच्या खटल्यात) मूलभूत हक्कांवर वीस मिनिटं बोलून कप जिंकलेली मुलगी मी, आणि एवढं म्हणताना आवाज फुटेना. पहिलं वर्ष मुदतीचे अर्ज, हजेरीमाफीचे अर्ज आणि नकलांसाठी हेलपाटे यातच गेलं.

एक प्रसंग सांगते. एप्रिल महिना. मखमलाबादकडचे एक द्राक्षबागायतदार ऑफिसात आले. सिनियर बाहेर होते. काकांनी प्लास्टिकच्या पिशवीतून एक चेक आणि बँकेचा मेमो काढून टेबलावर ठेवला. माल उचलणाऱ्या व्यापाऱ्याने दिलेला चेक ५ मार्चचा, ११ मार्चला न वटता परत आलेला. पुढचा महिनाभर व्यापारी 'दोन दिवसांत टाकतो' म्हणत राहिला आणि काका थांबत राहिले. मी कॅलेंडर बघून बोटांवर दिवस मोजले. चेक न वटल्याबद्दलची कलम १३८ ची नोटीस मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत द्यावी लागते. छत्तीस झाले होते. मी अगदी वकिली चेहरा करून म्हटलं, 'काका, मुदत गेली.' ते काहीच बोलले नाहीत. पिशवीची घडी घालायला लागले.

कोपऱ्यात टायपिंग करणारे आमचे कारकून नाना मान वर न करता म्हणाले, 'ताई, चेकची तारीख काय म्हणालात?'

'पाच मार्च.'

'मग तीन महिने व्हायचेत की. चेक जिवंत आहे अजून. परत बँकेत टाकायला सांगा, परत मेमो येईल, तिथून तीस दिवस धरा.'

सुप्रीम कोर्टाचा २०१२ चा निकाल याच मुद्द्यावर आहे. मी तो परीक्षेत लिहिला होता, मार्कही पडले होते. आणि समोर खरा चेक आल्यावर तो मला आठवला नाही, बारावी झालेल्या नानांना आठवला. त्या दिवसापासून कुठलाही कागद हातात आला की मी आधी तारखा वाचते, मग मजकूर.

दुसरा धडा मराठीचा. आम्ही शिकलो इंग्रजीत, आणि इथे खालच्या कोर्टांत दावा, कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर), पुरसीस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन), शपथपत्र सगळं मराठीत. माझी पहिली कैफियत वाचून सिनियर म्हणाले, 'हे मराठी अक्षरांतलं इंग्रजी आहे.' जुन्या फाइली काढून 'सदर मिळकत', 'येणेप्रमाणे चतुःसीमा' वगैरे अक्षरशः गिरवलं. त्यातली निम्मी भाषा जुनाट आहे असं माझं अजूनही मत आहे, पण कामाला तीच लागते.

पैशाचं थोडक्यात: पहिल्या वर्षी पेट्रोल आणि झेरॉक्स सुटली तरी पुष्कळ. ज्युनियरला शहरात किमान वीस हजार द्यावेत असं बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवलं, पण ते सुचवणंच. माझ्या ओळखीत कुणाला मिळत नाहीत. घरून वर्ष-दोन वर्षं आधार असेल तरच हा मार्ग धरा. जज व्हायचं मनात असेल तर हेही लक्षात घ्या की सुप्रीम कोर्टाच्या मे २०२५ च्या निकालाने त्या परीक्षेला तीन वर्षांची वकिली पुन्हा लागू झाली आहे. म्हणजे सनद लवकर घ्या, वर्षं नोंदणीपासून मोजतात.

नाशिक की पुणे-मुंबई? कंपन्यांची कामं करायची असतील तर जा, उगाच इथे कुढत बसू नका. इथे काम म्हणजे मुख्यतः जमीन, घर आणि चेक. वाटपाचे दावे तर विचारूच नका. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना समान वाटा मिळाला, पण जमिनीला भाव आला की आधी बहिणीपुढे हक्कसोडपत्र येतं. 'ताई, फक्त सही कर.' अशा बायका मला विचारतात, कारण सिनियरला विचारायची भीड वाटते. माझी पहिली स्वतःची अशील तशीच आली.

आणि १ जुलै २०२४ ला फौजदारी कायदे बदलले, हा तुमचा फायदा समजा. तुम्ही नवीनच शिकलात. आमच्याकडे तीस वर्षं फसवणुकीच्या कलमाला ४२० म्हणणारे सिनियर अजून अडखळतात आणि हळूच विचारतात, '३१८ च ना गं?' अर्थात त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनाच आयपीसी (भारतीय दंड संहिता) लागतो, त्यामुळे ते पुस्तक रद्दीत घालू नका.

काकांचा चेक दुसऱ्यांदाही परतला, नोटीस वेळेत गेली, केस दाखल झाली. व्यापाऱ्याचं समन्स 'सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून येत नाही' या शेऱ्यासह दोनदा परत आलंय. दर तारखेला काका बसने येतात, बाकावर शेजारी बसतात आणि विचारतात, 'आज काही होईल का ताई?'