वाचकांचे प्रश्न : सांध्याच्या अस्तरात नेमकं काय चालतं?

प्रश्न : माझं वय 43. शाळेत शिकवते. दिवाळीपासून दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजतात. सकाळी तासभर मूठ वळत नाही, कणीक मळायची तर नऊ वाजेपर्यंत थांबावं लागतं. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या संधिवाताच्या दोन्ही रक्ततपासण्या पॉझिटिव्ह, सूज दाखवणारं सीआरपी 38. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट सुरू केलं आहे. ‘ही तर कॅन्सरची गोळी’ असं मेडिकलच्या दुकानात ऐकल्यापासून घरचे घाबरलेत. जाऊबाई म्हणतात, आंबट बंद कर, आपोआप थांबेल. पेनकिलरने मला छान बरं वाटतं, मग तेवढीच का घेऊ नये? आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन 9.6 वर का अडलंय? गुण आला नाही तर इंजेक्शन द्यावं लागेल, त्याआधी टीबीची तपासणी करू, असंही डॉक्टर म्हणाले. सांध्याच्या दुखण्यात टीबी कुठून आला? – एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : ताई, तुमचा आजार म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो संधिवात. पेनकिलरचा प्रश्न आधी घेते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं.

सांध्याला आतून एक नाजूक अस्तर असतं, सायनोव्हियम. निरोगी माणसात ते पेशींच्या एक-दोन थरांचं असतं आणि सांध्यात वंगण सोडत राहतं. तुमच्या बोटांत तेच अस्तर आता कितीतरी थरांचं, जाड आणि रक्ताने भरलेलं झालं आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर मी पेशंटला हे मुद्दाम दाखवते. शांत सांधा काळा-करडा दिसतो. सुजलेल्या सांध्यावर रक्तप्रवाह दाखवणारा डॉपलर लावला की हाडाच्या कडेशी लाल-केशरी ठिपके लुकलुकायला लागतात. त्या नव्याने फुटलेल्या रक्तवाहिन्या. ‘आता फारसं दुखत नाही’ म्हणणाऱ्या पेशंटच्या सांध्यातही ते ठिपके कित्येकदा तसेच असतात.

पेनकिलर प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ बनू देत नाही. दुखणं आणि थोडी सूज त्याने उतरते. पण सांधा खाणारे पदार्थ निराळे. अस्तरात घुसलेल्या मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी टीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात. त्याने अस्तराच्या मूळच्या पेशी चवताळतात. त्या इंटरल्यूकिन-6 हे दुसरं प्रथिन बनवतात, शिवाय कूर्चा विरघळवणारी विकरं (एन्झाइम्स) ओततात. याच पेशी आणि त्यांच्या जोडीच्या टी-पेशी रँकल हे तिसरं प्रथिन तयार करतात. त्याच्या संपर्काने साध्या रक्तपेशींपासून हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी घडतात. दाराच्या चौकटीला वाळवी कडेने लागते, तसं हे पोखरणं हाडाच्या कडेपासून, जिथे कूर्चेचं आवरण संपतं तिथून सुरू होतं. आजाराच्या पहिल्या दोन वर्षांतच एक्स-रेवर खळगे दिसू लागलेले पेशंट मी पाहते, आणि एकदा पडलेला खळगा सहसा भरून येत नाही. म्हणून नुसत्या पेनकिलरवर राहू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते.

तुमची सकाळ का अवघड जाते, त्याचं उत्तरही इथेच आहे. इंटरल्यूकिन-6 रात्री चढत जातं आणि पहाटे-सकाळी सर्वाधिक असतं. दिवस वर येतो तसं उतरतं, तशी तुमची मूठ मोकळी होते. नऊपर्यंत थांबावं लागणं हा आळस नाही, घरच्यांनाही हे वाचून दाखवा.

हिमोग्लोबिन अडवणारंही तेच. इंटरल्यूकिन-6 यकृतात पोचलं की यकृत दोन गोष्टी करतं. एक म्हणजे सीआरपी बनवतं. तुमच्या रिपोर्टातला 38 हा आकडा त्याचाच. दुसरं म्हणजे हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं. हेपसिडिन आतड्यातून लोह रक्तात येऊ देत नाही आणि साठ्यातलं लोह बाहेर पडू देत नाही. मग गोळ्या कितीही घ्या, लोह अस्थिमज्जेपर्यंत नीट पोचतच नाही. सांध्याची सूज आटोक्यात आली की अनेकींचं हिमोग्लोबिन आपसूक चढतं. तरी डॉक्टरांना फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, तपासायला सांगा. पाळीच्या वयात खरी लोहाची कमतरताही सोबत असू शकते, आणि पेनकिलरने पोटातून थोडंथोडं रक्त जात असेल तर तेही पाहायला हवं.

मेथोट्रेक्सेट कॅन्सरमध्ये देतात हे खरं. तिथे डोस कितीतरी पटींनी मोठा असतो आणि पेशींची वाढ थांबवणं हा हेतू असतो. आपल्याकडे आठवड्याला साधारण 7.5 ते 25 मिलिग्रॅम. एवढ्या डोसला पेशींच्या आसपास अडेनोसिन हा सूज शमवणारा पदार्थ वाढतो आणि चवताळलेल्या पेशी शांत होतात. मला या गोळीची सगळ्यात जास्त भीती एका ठिकाणी वाटते : चुकून रोज घेतली तर ती जिवावर बेतू शकते. वार ठरवा, म्हणजे समजा रविवार, आणि कॅलेंडरवर खूण करा. फॉलिक अ‍ॅसिड सांगितलेल्या दिवशी घ्या, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. दिवस राहण्याची शक्यता असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, कारण ही गोळी गर्भाला घातक आहे.

जाऊबाईंना सांगा, चिंच, दही, टोमॅटो यांनी टीएनएफ वाढत नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतो असं दरवेळी दिसत असेल तर तेवढा टाळा. बाकी जेवण नेहमीचं असू द्या, आहे ते रक्त पथ्यापायी आणखी कमी करू नका.

आता इंजेक्शन आणि टीबी. हे इंजेक्शन बहुधा टीएनएफ अडवणारं असेल. लंडनमध्ये संशोधक मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने पेशंटच्या सांध्यातल्या पेशी काचपात्रात वाढवल्या. त्यात टीएनएफ अडवणारी अँटीबॉडी घातल्यावर सूज पेटवणारं इंटरल्यूकिन-1 सुद्धा कमी झालं. 1989 मध्ये हे प्रसिद्ध झालं. एवढे सगळे पदार्थ एकमेकांना पेटवत असताना एकाला अडवून काय होणार, अशी तेव्हा शंका होती. 1992 मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात पहिल्या पेशंटना हे औषध दिलं आणि बरीच वर्षं ताठरलेल्या माणसांना थोड्या दिवसांत फरक पडला. मला स्वतःला हा शोध फार मोलाचा वाटतो, कारण नेमका कोणता पदार्थ अडवायचा हे त्यानंतर कळलं. इंटरल्यूकिन-6 अडवणारं औषध पुढे जपानमधल्या संशोधनातून आलं, आणि पेशीच्या आत निरोप पोचवणाऱ्या जॅक विकरांना रोखणाऱ्या गोळ्याही आल्या.

पण टीएनएफ शरीरात उगाच नसतं. लहानपणी कधीतरी शिरलेले टीबीचे जंतू आपल्यातल्या अनेकांच्या फुप्फुसात पेशींच्या गाठींमध्ये कोंडलेले असतात. त्या गाठी घट्ट राहण्यासाठी टीएनएफ लागतं. ते अडवलं की गाठ सैल होते आणि दबलेला टीबी उठतो. म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि त्वचेची किंवा रक्ताची तपासणी. काही निघालं तर टीबीचं औषध आधी, इंजेक्शन नंतर. तुमचे डॉक्टर योग्य तेच करताहेत.

प्रश्न : आईला हाच आजार आहे. माझं वय 29, सूज नाही, कधीतरी मनगट दुखतं. हौसेने पॅकेजमध्ये तपासणी केली तर अँटी-सीसीपी पॉझिटिव्ह. मी सिगारेट ओढतो. आताच औषध घेऊ का? – एक वाचक, पिंपरी

उत्तर : सिगारेट आजच सोडा. धुरामुळे फुप्फुसातल्या पॅड विकरांचं काम वाढतं. ही विकरं प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन करतात. ज्यांची आनुवंशिक ठेवण तशी आहे त्यांची प्रतिकारशक्ती या बदललेल्या प्रथिनांना परकं समजते आणि तुमच्या रिपोर्टात दिसली ती अँटीबॉडी बनते. ती सूज येण्याआधी कित्येक वर्षं रक्तात असू शकते, आणि असूनही काहींना आजार होतच नाही. हिरड्यांच्या आजारातल्या पॉर्फिरोमोनस जिंजिव्हॅलिस या जंतूकडेही असंच विकर आहे, तेव्हा हिरड्यांतून रक्त येत असेल तर दंतवैद्याकडे जा.

औषधाचं म्हणाल तर 2024 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोन चाचण्या आल्या. सांधे दुखतात, अँटीबॉडी आहे, पण हाताला सूज लागत नाही अशा लोकांना टी-पेशींना आवरणारं अबॅटासेप्ट हे औषध दिल्यावर आजार लांबला. औषध थांबवल्यावर मात्र फरक हळूहळू कमी होत गेला. त्यामुळे तुमच्यासारख्याला मी आज ते देणार नाही. मनगटाची एकदा सोनोग्राफी करून घ्या. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकू लागला, हात मिळवताना बोटांच्या मुळाशी कळ आली किंवा अंगठी घट्ट व्हायला लागली, तर पुढच्या पॅकेजची वाट न पाहता त्याच आठवड्यात संधिवाततज्ज्ञांना दाखवा.