गोराईला खाडीकाठी आमचं छोटं जिताड्याचं (माशाचं) तळं आहे. नोंदणी नाही म्हणून नोटीस आलीय. तळं बुजवावं लागेल का?

घाईने बुजवू नका. मुदतीत लेखी उत्तर द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्याच.

पाणी खारं किंवा मचूळ असेल तर 2005 च्या किनारी जलशेती कायद्याखाली नोंदणी लागते. अर्ज जिल्हा समितीमार्फत चेन्नईच्या किनारी जलशेती प्राधिकरणाकडे जातो. विनानोंदणी तळ्याला पूर्वी तुरुंगवासाची तरतूद होती, 2023 च्या दुरुस्तीने ती गेली, आता दंड आहे. म्हणजे हा भाग निस्तरता येतो.

खरी भीती कांदळवनाची, म्हणजे तिवरांच्या जंगलाची. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने तिवरांभोवतीचा 50 मीटरचा पट्टाही राखीव आहे. नोटिशीत ‘कांदळवन’ हा शब्द असेल तर लगेच वकील गाठा.

माझ्या मामांच्या नोटिशीत त्यांचा जुना बांधच कांदळवन म्हणून दाखवला होता. आम्ही उघाडीपासून (तळ्यात पाणी घेण्या-सोडण्याच्या दारापासून) पहिल्या तिवरापर्यंत टेप धरून फोटो काढले, सातबारा आणि मत्स्यबीजाच्या जुन्या पावत्या जोडल्या, तेव्हा कुठे फेरमोजणी झाली. दोन पिढ्यांचं तळं असं एका कागदावर जाऊ देऊ नका. पावत्या आजच शोधायला घ्या.