हिशेब शिकायला विद्यापीठात जावं का?

दादा, तुम्ही विचारलंय की सहा एकर सोयाबीन-हरभरा करणाऱ्या बारावी शिकलेल्या माणसाला कृषी विद्यापीठाच्या अर्थशास्त्रवाल्यांकडून काही मिळतं का, की नुसता चहा-नाश्ता आणि प्रमाणपत्र. दोन्ही मिळतं. काय मागता त्यावर आहे.

माझं पहिलं प्रशिक्षण नाश्त्यावालंच होतं. तीन तास पडद्यावर तक्ते, 'लाभ-खर्च गुणोत्तर' वीसदा, शेवटी बॅनरसमोर फोटो. एकाही शेतकऱ्याला स्वतःचा एक आकडा कुणी लिहायला लावला नाही.

खरं शिकलो ते मेव्हण्याच्या घरी. पीक उत्पादन खर्च काढायची केंद्राची एक योजना १९७०-७१ पासून चालू आहे. महाराष्ट्रात ती राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. निवडलेल्या गावांत जमिनीच्या पाच गटांतले दोन-दोन, असे दहा शेतकरी घेतात. मेव्हण्याचं नाव त्यात होतं. नोंदी घेणारा पोरगा विचारायचा, "आज वहिनी किती तास खुरपायला होत्या?" मेव्हणा म्हणायचा, "घरचीच आहे की, तिचं काय लिहायचं?" पोरगा लिहायचाच.

त्या हिशेबाने मी २०२४ च्या खरिपात माझं एक एकर सोयाबीन मांडलं. मशागत ३,०००, घरचंच बियाणं ३० किलो पण बाजारभावाने २,४००, पेरणी ९००, डीएपीची एक गोणी १,३५०, तणनाशक १,५००, फवारण्या २,६५०, काढणीचं गुत्तं ४,५००, मळणी २,१००, भाडं-हमाली ८००. झाले १९,२००. उतारा ७ क्विंटल, भाव ४,२०० म्हणजे २९,४०० आले. वर दहा हजार उरले म्हणून आम्ही खूश. मग आम्हा दोघांचे २० दिवस ३५० रुपयांनी धरले, ७,००० गेले, राहिले ३,२००. आमच्याकडे जमीन ठोक्याने, म्हणजे वर्षाच्या भाड्याने, एकरी बारा हजारांत जाते, त्यातले एका हंगामाचे ६,००० धरल्यावर मी २,८०० रुपयांनी खड्ड्यात. रान तेच, पावत्याही त्याच. क्विंटलला खर्च पहिल्या हिशेबाने २,७४३, दुसऱ्याने ३,७४३, तिसऱ्याने ४,६००. तुम्ही काही रान ठोक्याने करत असाल तर तो पैसा पहिल्याच हिशेबात येतो, तो खिशातून गेलेला असतो.

त्या वर्षीचा हमीभाव ४,८९२ होता. तो खिशातला खर्च अधिक घरची मजुरी, म्हणजे सरकारी भाषेत 'ए-टू अधिक एफएल', याच्या दीडपट. सरकारचा तो खर्च क्विंटलला ३,२६१. माझा त्याच पद्धतीचा ३,७४३. देशाच्या सरासरीत माझं रान बसत नाही, आणि तुमचंही बहुधा बसणार नाही. म्हणून विद्यापीठाचा आकडा मागू नका, तो काढायची रीत मागा.

आता कुठं जायचं. तुम्ही मराठवाड्यातले, तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मेला खरीप मेळावा असतो आणि १७ सप्टेंबरला रब्बीचा. सगळी गर्दी बियाण्याच्या रांगेत असते. तुम्ही अर्थशास्त्र विभागाचा माणूस हुडका आणि मागच्या हंगामाच्या पावत्या समोर ठेवा. पावत्या बघितल्या की ही माणसं खुलतात, हा माझा अनुभव. जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातही जा, पण बऱ्याच केंद्रांत अर्थशास्त्राचा वेगळा तज्ज्ञ नसतो. विस्तारवाले, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोचवणारे सर मात्र विभागाशी गाठ घालून देतात.

आणि तिथं पणनाचं, म्हणजे माल विकण्याचं, विचाराच. माल ठेवून थांबावं का, हे मला कुणी आयतं सांगितलं नाही. विभागातल्या एका सरांनी माझ्याच वहीच्या कडेला मांडून दाखवलं. बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत माल गहाण ठेवून किमतीच्या ७५ टक्के कर्ज ६ टक्के व्याजाने मिळतं. ४,२०० च्या मालावर ३,१५०, सहा महिन्यांचं व्याज ९५ रुपयांच्या आत. त्यात वाळून घटणारं वजन आणि दोनदाची हमाली धरली की क्विंटलला दोनशे तरी वाढायला पाहिजेत. मी तीन क्विंटल ठेवलं. भाव वाढायचं सोडा, चार हजारांच्या आसपासच रेंगाळला. नुकसान झालं, पण किती होऊ शकतं ते आधी माहीत होतं, म्हणून बाकीचे चार दिवाळीआधीच विकले होते.

हरभऱ्याचा हिशेब अजून मांडायचाय. तुमचा काढलात तर इथं टाका. घरच्या बाईचे दिवस मात्र तिलाच विचारून लिहा, माझे पहिल्यांदा सात कमी भरले होते.