माफी कोण कोणाला करतो? 'गृहकर्जमाफी' या शब्दाविषयी

डिचोलीहून एका वाचकाने तीन गोष्टी विचारल्या आहेत. हप्ते थकलेल्या गृहकर्जदारांना सरकारने हात दिला की त्याला 'गृहकर्जमाफी' म्हणणे बरोबर आहे काय, 'बेलआउट'ला, म्हणजे बुडणाऱ्याला सरकारी पैशाने बाहेर काढण्याला, मराठीत चांगला शब्द कोणता, आणि जो पोटाला चिमटा घेऊन दरमहा हप्ता भरतो त्याच्यावर अशा मदतीने अन्याय होत नाही काय?

'गृहकर्जमाफी' हा शब्द चुकीचा आहे, आणि तो बातम्यांत, सभांत आणि बँकेच्या दारातल्या गप्पांत इतक्या सढळपणे वापरला जातो की ऐकताना मला दर वेळी त्रास होतो. 'माफ'चे मूळ अरबी आहे आणि त्या धातूचा एक जुना अर्थ 'पुसून जाणे' असा आहे. वाऱ्याने वाळूवरच्या खुणा पुसल्या की अरबी कवी हाच धातू वापरीत. आपल्याकडे शेतसारा माफ होत असे. तो माफ करण्याचा सरकारला अधिकार होता, कारण सारा हे सरकारचेच येणे होते. ज्याचे येणे, त्यानेच माफ करायचे, ही या शब्दाची अट आहे. गृहकर्ज मात्र बँकेचे येणे असते. सरकार खजिन्यातून बँकेचे पैसे भरते तेव्हा काहीच पुसले जात नाही. एका वहीतली रक्कम दुसऱ्या वहीत जाते, आणि त्या दुसऱ्या वहीचे धनी आपण सर्व करदाते असतो. 'माफी' म्हटले की हे सगळे दिसेनासे होते. कर्जदार अपराधी ठरतो, सरकार उदार ठरते, आणि ज्या बँकेचे पैसे खरोखर वाचले तिचे नाव वाक्यात येतच नाही.

2020 सालचे उदाहरण पाहा. त्या वर्षी 27 मार्चला रिझर्व्ह बँकेने 1 मार्चपासूनचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, ती पुढे 31 ऑगस्टपर्यंत वाढली. नंतर केंद्र सरकारने 2 कोटी रुपयांपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांच्या चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक स्वतः भरला. 30 लाखांच्या, 8 टक्के दराच्या कर्जावर हा फरक सुमारे 2,000 रुपये होतो. फोंड्यातील माझ्या एका शेजाऱ्यांच्या खात्यात अशी रक्कम जमा झाली, तेव्हा त्यांनी मला 'माफीचे पैसे आले' असे सांगितले. त्यांनी एकही हप्ता चुकवला नव्हता, सवलतही घेतली नव्हती. तरी ज्यांनी घेतली आणि ज्यांनी नाही त्या दोघांनाही ही रक्कम मिळणार होती. मग माफी कशाची? सरकारी कागदांवर शब्द होता 'सानुग्रह', म्हणजे हक्क म्हणून नव्हे तर कृपा म्हणून दिलेले, आणि तो पुष्कळच प्रामाणिक होता. पुढे 23 मार्च 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातले व्याजावरचे व्याज कोणाकडूनही घेऊ नये असे सांगितले, पण संपूर्ण व्याज सोडून देण्याची मागणी फेटाळली. तेव्हाही काही ठिकाणी 'व्याजमाफी' हाच शब्द मी वाचला.

आता ज्या शब्दासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो, त्याकडे वळतो. तो शब्द 'तारण'. 'गहाण' हे 'ग्रहण'चे रूप आहे, ते बहुतेकांस ठाऊक असते. 'तारण' मात्र आपण रोज वापरतो आणि त्याच्या आत पाहत नाही. संस्कृतात 'तॄ' म्हणजे पाणी ओलांडणे आणि 'तारण' म्हणजे पैलतीराला नेणे. मग घराच्या कागदपत्रांना तारण का म्हणावे, आणि ते तारते कोणाला? माझ्या परिचयाचे एक निवृत्त प्राध्यापक ठामपणे सांगतात, की ते कर्जदाराला तारते; अडल्या वेळी सोने किंवा घर ठेवून पैसा मिळतो, म्हणून ते तारण. मला हे मुळीच पटत नाही, आणि त्यांचा आदर राखूनही मी म्हणेन की त्यांनी भाषेचा व्यवहार पाहिलेला नाही. 'विनातारण कर्ज' हा शब्द घ्या. तारण नसले तर धोका कोणाला? धनकोला. 'बुडीत कर्ज' कोणाचे बुडते? धनकोचे. 'त्याने पैसे बुडवले' या वाक्यात पाण्यात गेलेला तोच. कर्जदारही कर्जात बुडतो, हे खरे; पाणी एकच आहे आणि त्यात दोघेही उभे आहेत. पण तारणाचा दोर धनकोच्याच कमरेला बांधलेला असतो.

हे एकदा दिसले की संकटातल्या सरकारी मदतीचा अर्थ उलगडतो. घराची किंमत कर्जाच्या रकमेखाली गेली की घर बँकेला पैलतीराला नेऊ शकत नाही; तारण तारीनासे होते. अमेरिकेत 2008 च्या सुमारास हेच लाखो घरांचे झाले. अशा वेळी सरकार मध्ये पडते, म्हणजे ते घराच्या जागी स्वतः तारण होऊन उभे राहते. कर्जदाराला दिलेली मदत ही पहिल्यांदा बँकेला दिलेली मदत असते, हे मराठीने आपल्या एका शब्दात आधीच नोंदवून ठेवले आहे, आणि आपण ते झाकण्यासाठी 'माफी' हा शब्द पुढे करतो.

सरकारी परिभाषेत आणखी एक शब्द आहे, 'निर्लेखन', म्हणजे वसूल न होणारे कर्ज बँकेने आपल्या वहीतल्या येण्यातून काढून टाकणे. तो बँकेच्या वहीपुरता अचूक आहे, पण बँकेने निर्लेखित केलेल्या कर्जाची वसुली चालूच राहते. म्हणून निर्लेखन आणि माफी एकच समजणारे भाषांतरकार वाचकाची दिशाभूल करतात. 'कर्जमुक्ती' हा शब्द महाराष्ट्र सरकारने 2019 च्या शेतकरी योजनेच्या नावात घेतला. तो माफीपेक्षा पुष्कळ बरा, कारण त्यात अपराध नाही.

मी सुचवतो तो शब्द नवा नाही. मराठी माणूस गहाण 'सोडवतो'. याज्ञवल्क्यस्मृतीत गहाणाला 'आधि' म्हटले आहे, आणि रक्कम दुप्पट होईपर्यंत तो 'मोक्ष' पावला नाही, म्हणजे सोडवला गेला नाही, तर कर्जदाराचा त्यावरचा हक्क जातो असे सांगितले आहे. मोक्ष हा शब्द तिथे शुद्ध व्यवहाराचा आहे. (आपल्या जुन्या पोर्तुगीज दस्तांतला गहाण या अर्थाचा 'इपोतेका' मूळचा ग्रीक, त्यातला 'ठेवणे' हा धातू आणि 'आधि'मधला 'धा' हे सख्खे भाऊ आहेत. गोव्याच्या एकाच कपाटात ही दोन्ही भावंडे सापडतात, याचा मला फार आनंद वाटतो.) तेव्हा 'बेलआउट'ला गृहकर्जाच्या संदर्भात 'सोडवणूक' म्हणावे.

1933 साली अमेरिकन सरकारने गृहकर्जांसाठी एक महामंडळ काढले. त्याने थकलेली सुमारे 10 लाख कर्जे बँकांकडून स्वतःकडे घेतली आणि लांब मुदतीचे, कमी व्याजाचे हप्ते बांधून दिले. लोकांनी ते फेडले. ज्यांना जमले नाही अशा सुमारे पाचांतल्या एकाचे घर तरीही गेले. आणि 1951 मध्ये महामंडळ थोड्या नफ्यात बंद झाले. याला माफी कोण म्हणेल? अमेरिकेच्याच 2009 च्या गृहकर्जदारांसाठीच्या योजनेतही प्रामुख्याने व्याजदर उतरवून आणि मुदत वाढवून हप्ता उत्पन्नाच्या 31 टक्क्यांवर आणला जात असे.

अन्यायाविषयी. नियमित हप्ते भरणाऱ्याची तक्रार बक्षिशीविरुद्ध असेल तर ती खरी आहे, आणि तिची दखल घेणे शक्यही आहे. महाराष्ट्राच्या त्याच कर्जमुक्ती योजनेत नियमित फेड करणाऱ्यांसाठी 50,000 रुपयांपर्यंतचा प्रोत्साहनपर लाभ होता. पण सोडवणुकीत कर्जदार फेडतच राहतो, फक्त त्याला श्वास घेण्याइतकी मुदत मिळते. प्रश्न विचारणारे डिचोलीचे, म्हणजे गोव्याच्या खाणपट्ट्यातले आहेत. 2012 मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ज्यांनी खनिज वाहणाऱ्या ट्रकसाठी कर्ज काढले होते त्यांचे उत्पन्न एका आदेशाने गेले, आणि ट्रकाच्या हप्त्याबरोबर अनेकांच्या घराचा हप्ताही अडला. त्यांना पुढे दिलासा मिळाला तेव्हाही लोकांच्या तोंडी माफीच होती. त्यांनी कोणता अपराध केला होता?

म्हणून बातमी लिहिणाऱ्यांना माझी विनंती आहे. 'सरकारकडून गृहकर्जमाफी' असा मथळा देण्याऐवजी 'सहा महिन्यांच्या चक्रवाढीचा फरक सरकारने बँकांना भरला' असे लिहावे. त्यात पाच शब्द जास्त लागतात, पण पैसे कोणी दिले आणि कोणाला मिळाले हे वाचणाऱ्याला कळते.