करार अजून वाढलेला नाही. 22 ऑक्टोबरच्या आत नोटीस पोचवा

प्रश्न : मी 23 वर्षांची गायिका आहे. एका वाहिनीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटच्या पाचांत होते. निवडचाचणीच्या वेळी, 4 जुलै 2023 रोजी, टॅलेंट मॅनेजमेंट कंपनीच्या 31 पानी करारावर सही केली. प्रत मिळाली नाही. मुदत 3 वर्षं, आणि नोटीस दिली नाही तर आपोआप आणखी 2 वर्षं. जूनमध्ये मी व्हॉट्सॲपवर ‘पुढे करायचं नाही’ असं कळवलं. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला की नोटीस उशिरा आली, करार 2028पर्यंत वाढला. 14 महिन्यांत त्यांनी एकही कार्यक्रम दिलेला नाही, आधीच्या दोन कार्यक्रमांचे पैसे बाकी आहेत. दुसऱ्या कंपनीने नवरात्रासाठी देवीचं गाणं देऊ केल्यावर मात्र वकिलाची नोटीस आली : करार सुरू आहे, गायलात तर 50 लाख रुपये भरपाई. करार 100 रुपयांच्या स्टॅम्पवर आहे, नोटरी नाही. तो वैध आहे का?

उत्तर : असा प्रश्न विचारणारे बहुतेक कलाकार स्टॅम्प आणि नोटरीपाशीच अडकतात. त्यात वेळ घालवू नका. नोटरी नसल्याने असा करार रद्द होत नाही. स्टॅम्प कमी असेल तर दंडासह भरता येतो, आणि डिसेंबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं आहे की स्टॅम्पच्या त्रुटीमुळे करारातलं लवादाचं (वाद कोर्टाऐवजी लवादापुढे नेण्याचं) कलम निरर्थक ठरत नाही. सही करताना तुम्ही 18 पूर्ण केलेली होती, त्यामुळे अज्ञानपणाचा, म्हणजे वयाने लहान असल्याचा, बचावही नाही. (मुलांच्या वतीने विचारणाऱ्या पालकांसाठी : 18 वर्षांखालच्या मुलाने स्वतः केलेला करार मुळातच शून्य, म्हणजे कायद्याच्या लेखी नसल्यासारखा, असतो, आणि 18 पूर्ण झाल्यावर नुसतं ‘मान्य आहे’ म्हणून तो जिवंत होत नाही.)

तुमचं सगळं प्रकरण पान 3 वरच्या एका व्याख्येवर उभं आहे. वकिलाच्या नोटिशीला करार जोडलेला होता म्हणून ते पान तुम्हाला फोटो काढून पाठवता आलं. तीन वर्षं ते तुमच्याजवळ नव्हतं, ही तुमची सगळ्यात महागडी चूक. 31 पानांवर सही करून प्रत न मागता उठायचं नसतं, आणि नंतर तीन वर्षांत एका ईमेलने ती मागता आली असती.

व्याख्या सांगते की करार सहीच्या दिवसापासून बंधनकारक आहे, पण ‘मुदत’ मोजायची ती महाअंतिम फेरीच्या प्रथम प्रक्षेपणापासून. तुम्हीच लिहिलंय की ती फेरी 10 जानेवारी 2024 ला चित्रित झाली आणि 21 जानेवारीला दाखवली गेली. म्हणजे तीन वर्षं संपतात 20 जानेवारी 2027 रोजी. अशी व्याख्या कंपनी स्वतःच्या सोयीसाठी घालते : स्पर्धकाला भाव येतो तो अंतिम फेरीनंतर, मग आधीचे महिने मुदतीत कशाला धरायचे? त्यामुळे तुमचा तीन वर्षांचा करार प्रत्यक्षात साडेतीन वर्षांचा झाला आहे. पण याच व्याख्येमुळे 4 जुलै 2026 ला काहीही संपलेलं नाही आणि काहीही वाढलेलं नाही. फोनवरचा माणूस चुकीचं सांगतोय. त्यांच्या वकिलाने मात्र काळजीपूर्वक फक्त ‘करार सुरू आहे’ एवढंच लिहिलं आहे, आणि ते खरं आहे.

आता मुदतवाढीचं कलम. नोटीस मुदत संपण्याच्या 180 दिवसांपेक्षा आधी नको आणि 90 दिवसांपेक्षा उशिरा नको. लेखी, सहीची, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात ‘पोचलेली’ हवी. 20 जानेवारीपासून उलटं मोजलं तर खिडकी 24 जुलैला उघडली आणि 22 ऑक्टोबर 2026 ला बंद होते. जूनमधला तुमचा संदेश दोन्ही बाजूंनी निकामी आहे : व्हॉट्सॲप हा करारातला मार्ग नाही, आणि तो खिडकी उघडण्याआधीच गेला. त्यावर विसंबून गप्प बसलात तर 23 ऑक्टोबरला करार खरोखरच 2029पर्यंत वाढेल. मग त्यातून सुटायला किती वर्षं लागतील हे सांगणं अवघड आहे.

शेवटच्या आठवड्याची वाट पाहू नका. कंपनीने उद्या ‘मुदत चित्रीकरणाच्या दिवसापासून’ असा वाद काढला, तर शेवटची तारीख 11 ऑक्टोबर ठरते. या आठवड्यात नोटीस निघाली तर दोन्ही हिशेबांत बसते.

नोटीस एक पानाची पुरे. कराराची तारीख, पक्षांची नावं, मुदतीच्या व्याख्येचा आणि मुदतवाढीच्या कलमाचा क्रमांक, प्रक्षेपणाची तारीख, आणि एक निःसंदिग्ध वाक्य : ‘मी मुदतवाढ नाकारते, करार 20 जानेवारी 2027 रोजी संपेल.’ शेवटी ‘माझे इतर सर्व हक्क राखून’. तक्रारी, थकबाकी, मनस्ताप यातलं काहीही या कागदावर नको. ते वेगळ्या पत्रात. सही तुमची स्वतःची हवी, कारण कलमात ‘कलाकाराची लेखी नोटीस’ असे शब्द आहेत. वकिलाच्या सहीवरून फाटा फोडायला जागा ठेवू नका.

पत्ता ही दुसरी घसरायची जागा. कंपन्या कार्यालयं बदलतात. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आजचा नोंदणीकृत पत्ता बघा आणि करारातल्या व आजच्या, दोन्ही पत्त्यांवर पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पाठवा. करारातल्या ईमेलवर सही केलेली पीडीएफही पाठवा. ट्रॅकिंगचं पान लगेच छापून ठेवा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा मारून पाकीट परत आलं तर ते फोडू नका, तसंच बंद ठेवा. शक्य असेल तर हाती एक प्रत नेऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. प्रक्षेपणाच्या तारखेचा पुरावाही आजच गोळा करा : वाहिनीच्या ॲपवर भागाखाली दिसणारी तारीख, तेव्हाच्या जाहिराती. स्क्रीनशॉट कोर्टात द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून ज्या फोनवर ते घेतलेत तो विकू नका.

नवरात्राचं गाणं गाऊ नका. हे वाचून वाईट वाटेल, पण इथे कायदा तुमच्या बाजूने नाही. करार कायद्याचं कलम 27 व्यवसायावरची बंधनं शून्य ठरवतं हे खरं. पण करार चालू असतानाच्या ‘फक्त आमच्यासाठी’ या बंधनाला ते सहसा लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 1967 च्या निरंजन गोलिकरी निकालापासून ठरलेलं आहे. न्यायालय तुम्हाला बळजबरीने गायला लावू शकत नाही, पण दुसरीकडे गाऊ नका असं सांगू शकतं. भोजपुरी गायक खेसारीलाल यादव यांच्या प्रकरणात 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने अशीच अंतरिम मनाई केली. आणि कलाकाराच्या बाबतीत अंतरिम आदेश हाच निकाल असतो. लवादात बाजू मांडायला सहा महिने, मग निवाड्याला बारा, संमतीने आणखी सहा. कागदावरच दोन वर्षं होतात, आणि त्यापुढची वाढ न्यायालयाच्या हाती. एवढ्या काळात गणेशोत्सवाचे दोन हंगाम हातचे जातात, लोकांच्या कानातून आवाज पुसला जातो. न्यायव्यवस्थेने याचा विचार कधी केलेला दिसत नाही, म्हणून तो तुम्हालाच करावा लागेल.

गाणं हवंच असेल तर एक वाट आहे. कंपनीकडे त्या एका गाण्यापुरती लेखी परवानगी मागा आणि कंपनीचं 30 टक्के कमिशन देऊ करा. काही न करता पैसे मिळणार असतील तर कंपन्या पुष्कळदा कबूल होतात. पण परवानगीच्या नावाखाली ‘पुरवणी करार’ पुढे आला तर सही करू नका. त्यात हमखास एक ओळ असते की मूळ कराराची मुदत नव्याने सुरू होते किंवा मुदतवाढ मान्य आहे.

20 जानेवारीनंतरचं चित्र बरंच वेगळं आहे. करारात पुढचे 18 महिने स्पर्धक कंपनीसाठी न गाण्याची आणि कोणताही प्रस्ताव आधी त्यांना दाखवण्याची अट आहे. श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानने 2000 ते 2003 असा करार एका मॅनेजमेंट कंपनीशी केला होता, त्यातही प्रस्ताव आधी दाखवण्याची अशीच अट होती. एकल न्यायमूर्तींनी कंपनीच्या बाजूने मनाईहुकूम दिला, मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तो उठवला, आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचं म्हणणं कायम ठेवलं : मुदत संपल्यावर असं बंधन कलम 27 खाली शून्य. कंपनीसाठी ध्वनिमुद्रित केलेली तीच गाणी पुन्हा गाण्याबद्दल मात्र मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही; ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा असतो आणि त्या कलमाची पानं तुम्ही पाठवलेली नाहीत.

50 लाखांच्या आकड्याने घाबरू नका. कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते; मिळते ती वाजवी भरपाई. न गायलेल्या गाण्याची भरपाई मागताही येत नाही.

14 महिने काम दिलं नाही म्हणून करार आपोआप मोडत नाही, कारण कंपनीने फक्त ‘प्रयत्न’ करण्याचं वचन दिलं होतं. पण विशिष्ट दिलासा कायद्याचं कलम 42 मनाई मागणाऱ्याकडून अपेक्षा करतं की त्याने आपली बाजू पाळलेली असावी. तिथे थकलेले पैसे उपयोगी पडतात. दोन्ही कार्यक्रमांच्या तारखा, आयोजकाशी झालेले संदेश, आणि त्या वर्षाचं 26एएस (प्राप्तिकर खात्याकडचा टीडीएसचा तपशील) काढा. कंपनीने तुमच्या नावावर टीडीएस भरला असेल आणि रक्कम खात्यात आली नसेल, तर देणं होतं हे तिने स्वतःच दाखवून दिलं आहे. वसुलीला काम झाल्यापासून 3 वर्षंच मिळतात. तुमचे कार्यक्रम 2024 च्या गणेशोत्सवातले. सप्टेंबर 2027 आधी लवादाची नोटीस गेली नाही तर तो पैसा बुडाला. ‘देऊ, देऊ’ या फोनने मुदत वाढत नाही, सहीनिशी लेखी कबुली लागते.

लवाद कंपनीच नेमणार असं कलम आहे. लवाद कायद्यातली 2015 ची दुरुस्ती आणि सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा पर्किन्स ईस्टमन निकाल पाहता एकतर्फी नेमणूक टिकणं कठीण. वकिलाच्या नोटिशीला उत्तर देताना हा आक्षेप लिहूनच टाका. त्याबरोबर मुंबईत कॅव्हेट दाखल करा, म्हणजे तुम्हाला न ऐकता मनाई मिळणार नाही. कोणत्या न्यायालयात ते दाव्याच्या रकमेवरून स्थानिक वकील ठरवतील. कॅव्हेट 90 दिवसच टिकतं, डिसेंबरात पुन्हा करावं लागेल.

तुमचं ध्वनिमुद्रित केलेलं दुसरं गाणं कंपनीने 20 महिने प्रकाशित न करता ठेवलं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19(4) मध्ये वर्षभर न वापरलेला हक्क परत येण्याची तरतूद आहे आणि कलम 39अ मुळे ती गायकालाही लागू होऊ शकते, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. ती पानं पाठवा, मग बोलू. गायकांच्या रॉयल्टीसाठी इसाम्रा (पूर्वीची इसरा) या संस्थेच्या सदस्यत्वाची माहितीही घेऊन ठेवा.

इन्स्टाग्रामवर कंपनीविरुद्ध व्हिडिओ टाकायचा विचार लिहिला आहे, तो सोडा. गोपनीयतेचं कलम मोडल्याचा आयता पुरावा होईल. देवीचं गाणं देणाऱ्या कंपनीला आजच कळवा की परवानगी मिळाली नाही तर ध्वनिमुद्रण आणि सही, दोन्ही 21 जानेवारी 2027 नंतर. थांबले तर उत्तम. नाही थांबले तरी नोटीस या आठवड्यात जायला हवी.