रस्ता फितीचा, पटांगण चटईचं

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहतो, बँकेत नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत अकरा वर्षांच्या मुलीसाठी संगणकावर 'प्लॅनेट झू' हा प्राणिसंग्रहालय उभारायचा खेळ घेतला. तिला त्यात आपली भायखळ्याची राणीची बाग उभी करायची आहे. आम्ही दोघं दोनदा बागेत जाऊन आलो, वहीत नकाशाही काढून आणला. पण खेळायला बसलो की तासाभरात दोघांची चिडचिड होते. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती तिला गोल चौक हवा आहे. रस्ता वळवत वळवत गोल पूर्ण करायला गेलं की शेवटचा तुकडा लाल होतो आणि अडथळा आहे म्हणून नकार येतो. कसाबसा जोडला तर मध्ये पाचरीएवढी हिरवळ उरते. तिकीटघराची भिंत रस्त्याला लागून सरळ येत नाही, कायम जराशी तिरकी. वाघासाठी टेकडी करायला गेलो तर शेजारून जाणाऱ्या रस्त्यामुळे जमीन उचलता येईना. परवा मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे, आपण नुसते प्राणी ठेवू." ते मला फार लागलं. आमचं काय चुकतंय?
– एक बाबा, भांडुप

उत्तर : दादा, तुमचं आणि लेकीचं काहीही चुकत नाहीये. वहीत नकाशा काढून मग खेळायला बसणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. अडचण त्या रस्त्याच्या साधनात आहे. ते कसं चालतं हे एकदा कळलं की त्याच्याशी भांडण थांबतं.

मी दादरला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात २२ वर्षं ड्राफ्टिंग केलं, आधी टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपरवर, मग संगणकावर. कागदावर चौक काढताना आम्ही त्याची हद्द आखायचो आणि आतली जागा फरशीने भरायचो. साइटवर मिस्त्रीही तेच करतो. लाइनदोरी धरतो, कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे ना ते बघतो आणि चटई पसरावी तशी फरशी पसरत जातो. या खेळाला मात्र चटई ठाऊकच नाही. त्याला ठाऊक आहे फीत. मधून एक रेघ जाते, तिच्या दोन्ही अंगांना ठरलेली रुंदी, आणि त्या रेघेला तुम्ही तुकड्यातुकड्याने पुढे ओढत नेता. बागेतली नागमोडी वाट काढायला याच्याइतकं छान काही नाही. पटांगणाला मात्र ते चालत नाही.

घरातली परकराची नाडी घ्या आणि टेबलावर तिचा सपाट गोल करून बघा. आतली कड चुरगळते, बाहेरची ताणली जाते. तुमच्या चौकाचं तेच होतं. शिवाय शेवटच्या तुकड्याला दोन गोष्टी एकदम जमवाव्या लागतात. पहिल्या तुकड्याचं टोक बरोबर त्या जागी गाठायचं आणि त्याच्याच दिशेनेही यायचं. आधीच्या सात-आठ तुकड्यांत प्रत्येकी अर्धा-एक अंश चुकलेला असतो. ती सगळी चूक शेवटच्या सांध्यावर येऊन पडते, म्हणून तो लाल होतो. पाचरीचं कारणही तेच. सरळ कडेच्या दोन फिती तिरक्या भेटल्या की मध्ये त्रिकोण उरणारच.

आता करायचं काय ते सांगते. रस्त्याच्या मेनूत 'अलाइन टू ग्रिड' नावाचा पर्याय आहे (ग्रिड म्हणजे जमिनीवरची चौकोनांची अदृश्य जाळी), तो चालू करा. मग रस्ता चौकोनी तुकड्यांत पडतो आणि शेजारशेजारचे चौकोन एकमेकांत मिसळून सलग फरशी होते. फटी नाहीत, पाचर नाही. ग्रिडला तुम्ही जिथून सुरुवात करता त्या रस्त्याची दिशा मिळते, म्हणून गेटातून निघणारा पहिला रस्ता सरळ ठेवा आणि चौक त्यालाच जोडून काढा. सात बाय सात चौकोनांचं पटांगण पसरा. चारही कोपऱ्यांचे चौकोन काढून टाका. मधले तीन बाय तीन मोकळे सोडा आणि तिथे लेकीचा घड्याळाचा मनोरा उभा करा. मनोऱ्याच्या पायाशी सजावटीच्या सामानातले बाकदार तुकडे गोल फिरवा आणि त्यांच्या आत फुलझाडं लावा. डोळा मधला गोल बघतो, बाहेरच्या कडेकडे कुणाचं लक्ष जात नाही. अगदी भूमितीतलं वर्तुळच हवं असा तिचा हट्ट असेल तर तिला सांगा, की मी गेल्या पावसाळ्यात तीन संध्याकाळी त्यातच घालवल्या आणि शेवटी अष्टकोनावर आले. त्यासाठी कोनाचा स्नॅप, म्हणजे रस्ता ठरलेल्या कोनातच वळवणारी सोय, ४५ अंशांवर ठेवा आणि आठही बाजू सारख्या लांबीच्या घ्या. तो अष्टकोन दिसायला देखणा होतो.

तिकीटघराची गंमत वेगळी आहे. या खेळात प्रत्येक इमारत स्वतःचं ग्रिड घेऊन जन्माला येते आणि ते रस्त्याच्या ग्रिडला ओळखत नाही. मोकळ्या जमिनीवर भिंतीचा पहिला तुकडा टेकवला की त्या क्षणी डोळ्यांच्या अंदाजाने जी दिशा पडली, ती पुढच्या सगळ्या इमारतीची. भिंतींचे तुकडे ४ मीटर मापाचे, त्यामुळे सुरुवातीला केसभर तिरकं असलेलं पाचव्या भिंतीला वीतभर होतं. म्हणून भिंतीपासून सुरुवात करूच नका. आधी एखादं दुकान किंवा स्वच्छतागृह घ्या. ते रस्त्याच्या कडेला आपोआप चिकटतं, काटकोनात. मग तीच इमारत संपादनासाठी उघडा आणि तिच्याच ग्रिडवर भिंती उभ्या करा. सगळं रस्त्याला समांतर येईल. भिंती पुऱ्या झाल्यावर ते दुकान नको असेल तर काढा.

टेकडीचं उत्तर तुम्हाला कुठलाही मुकादम देईल. भराव आधी, रस्ता मग. रस्ता एकदा पडला की त्याच्या खालची जमीन बांधली जाते आणि ती तुम्हाला उचलता-खणता येत नाही. मी आता प्रत्येक नवीन बागेत पहिला पूर्ण दिवस फक्त जमिनीवर घालवते, टेकड्या, खड्डे, तळ्याची जागा. त्यानंतर मुख्य रस्ता, मग कुंपणं, मग इमारती आणि अगदी शेवटी झाडं. आणि दर टप्प्याला वेगळ्या नावाने सेव्ह करते. तुमच्या बागेत रस्ता आधीच पडला असेल तर तेवढा तुकडा काढून, टेकडी करून पुन्हा टाका. लेकीला वाईट वाटेल, पण दहा मिनिटांचं काम आहे.

आणखी एक. खेळातले पाहुणे फक्त रस्त्यावरून चालतात. सांध्याजवळ फट उरली तरी ते त्यात पडत नाहीत, काही बिघडत नाही, प्रश्न फक्त दिसण्याचा आहे. म्हणून तिसऱ्यांदा राणीच्या बागेत जाल तेव्हा (बुधवारी बाग बंद असते) मोजमापं घेऊ नका, सांधे बघा. १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झालेली बाग आहे ती, तिथली गोरखचिंच आणि कैलासपती बघत आपल्या किती पिढ्या मोठ्या झाल्या. जुन्या बागेत दोन वाटा जिथे वेड्यावाकड्या भेटतात तिथे काय असतं ते लेकीला टिपून घ्यायला सांगा. कुठे झाडाभोवती कट्टा, कुठे कुंड्या, कुठे बाक, कुठे नुसता पाट्यांचा खांब. मिस्त्री आणि माळी दीडशे वर्षं असेच सांधे झाकत आले आहेत. घरी आल्यावर ज्या पाचरीने तिला रडवलं तिथेच कट्टा करून एक मोठं झाड लावा.

माझं स्पष्ट मत विचाराल तर, ज्या खेळात वाघाची चाल इतकी खरी आहे, की तो वळताना त्याचे खांदे कसे हलतात ते मी काम सोडून बघत बसते, त्या खेळाला साधं पटांगण काढायचं वेगळं साधन मिळायलाच हवं होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात तो आला तेव्हापासून मला ही उणीव खटकते आहे. प्राणी सुंदर आहेत, म्हणूनच त्यांच्यासमोरचा रस्ता वाकडा राहिला की जीव तुटतो. तुमच्या मुलीला हे कळलंय. तिला नुसते प्राणी ठेवायला लावू नका.

प्रश्न : मी परळला पशुवैद्यकीचं शिक्षण घेते. 'प्लॅनेट झू'मध्ये घडियालसाठी (लांब तोंडाच्या सुसरीसाठी) तळं केलं आणि पाण्याखालून बघता यावं म्हणून बाजूला काचेच्या भिंती लावल्या. पाणीच भरत नाही. शिवाय वाघाच्या अधिवासाचं जाळीचं कुंपण डोळ्यांत खुपतं, ते लपवायचं कसं?
– एक विद्यार्थिनी, परळ

उत्तर : तू काचेच्या भिंती बहुतेक इमारतीच्या सामानातून घेतल्या आहेस. या खेळात पाणी दोनच गोष्टींना अडतं, जमीन आणि अधिवासाचं कुंपण. सजावटीची भिंत कितीही जाड असली तरी पाण्याच्या दृष्टीने ती तिथे नाही. म्हणून तेवढ्या बाजूला कुंपणाच्या मेनूतली काच लाव, उरलेल्या तीन बाजूंना जमीन खणून काठ कर आणि मग पाणी सोड. काठ एका जागी जरी खाली असला तरी पाणी तिथपर्यंतच चढतं, त्यामुळे आधी सगळा काठ एका पातळीत आण. काच आत-बाहेर दोन्हीकडून बघण्यासारखी झाली की तुला राणीच्या बागेतल्या पेंग्विनच्या काचेपुढे उभं राहिल्यासारखं वाटेल. तू शिकतेच आहेस म्हणून वेगळं सांगायला नको, पण घडियालला वाळूचा सुका काठ हवा, तो ऊन खायला आणि अंडी घालायला तिथेच येतो. पाण्याच्या नादात तेवढी जमीन खाऊ नकोस. खेळही पाण्याची आणि जमिनीची जागा वेगवेगळी मोजतो. उतार फार उभा केलास तर ती जमीन डोळ्यांना दिसते, पण प्राण्याला चालण्याजोगी धरली जात नाही. हीटमॅप, म्हणजे खेळातला रंगांनी माहिती दाखवणारा नकाशा, उघडून बघ, लगेच कळेल.

वाघाच्या कुंपणाचं म्हणशील तर मला हा प्रश्न फार आवडतो, कारण तो खऱ्या प्राणिसंग्रहालयांनी शंभर वर्षांपूर्वीच सोडवला. १९०७ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गजवळ कार्ल हागेनबेक यांनी लोखंडी गजांऐवजी खंदक ठेवून बाग उघडली. प्रेक्षक आणि सिंह यांच्यामध्ये खोल चर, आणि बघणाऱ्याला मध्ये काहीच नसल्यासारखं. खेळात त्यासाठी 'नल बॅरियर' नावाचं अदृश्य कुंपण आहे. ते फक्त हद्द आखतं, प्राण्याला अडवत नाही, हे पक्कं लक्षात ठेव. अडवायचं काम तुझ्या चराने करायचं. प्रेक्षकांच्या बाजूची भिंत उभी आणि उंच, वाघाच्या बाजूचा उतार सोपा. चर खणून झाला की आधी साधं कुंपण ठेवूनच वाघ आत सोड, तो कुठवर चढतो ते हीटमॅपवर बघ आणि मगच तेवढ्या बाजूचं कुंपण अदृश्य कर. चराजवळ मोठा दगड किंवा आडवा ओंडका ठेवू नकोस. वाघ त्यावरून वर येतो. माझ्या बागेत आला होता, आणि पाहुण्यांची पळापळ बघताना खेळ असूनही माझ्या पोटात गोळा आला.

प्रश्न : निवृत्त शिक्षक आहे, काळाचौकीला राहतो. हात थोडा थरथरतो, त्यामुळे नव्या खेळातले कोन मला साधत नाहीत. पूर्वी मुलासोबत चौकोनी खान्यांचा प्राणिसंग्रहालयाचा खेळ खेळायचो. तो परत घ्यावा का?
– एक आजोबा, काळाचौकी

उत्तर : सर, जरूर घ्या. तुम्ही म्हणता तो बहुधा २००१ सालचा 'झू टायकून'. त्यात सगळी जमीन खान्यांची, कुंपण खान्याच्या कडेवर, रस्ता खान्याच्या आत. तिरकं काही येऊच शकत नाही, आणि थरथरत्या हातालाही कुंपण एका क्लिकवर जागी बसतं. मी माझ्या भावाच्या संगणकावर तो खेळले आहे आणि आजही कामाने थकले की मला त्याचीच आठवण येते. नवा खेळ सोडवत नसेल तर त्यात वर सांगितलेला ग्रिडचा रस्ता आणि कोनाचा स्नॅप कायम चालू ठेवा. वस्तू फिरवायला 'झेड' कळ दाबून धरा, उचलायला 'शिफ्ट', म्हणजे माउसवर एका वेळी एकच काम राहील. पटांगणाची नीट सोय २०२४ मध्ये आलेल्या 'प्लॅनेट कोस्टर २'मध्ये आहे, पण ती पाळण्यांची आणि झोक्यांची जत्रा आहे, तिथे तुम्हाला प्राणी भेटणार नाहीत. जुना खेळ तुमच्याकडे सीडीवर असेल तर आधी आताच्या संगणकाला सीडी घालायची सोय आहे का ते बघा. नसेल तर यूएसबीला जोडायचा वेगळा ड्राइव्ह मिळतो, लॅमिंग्टन रोडला संगणकाच्या दुकानांत चौकशी करा.